सरकता काठ

बीडपासून समुद्र सरळ रेषेत तीनेकशे किलोमीटर लांब. तरी हाती कॅमेरा आला की नवशिक्याचं मन हर्णै-गुहागरकडे धाव घेतं, कारण काठाचं छायाचित्रण शिकवणारे बहुतेक धडे लाटा, फेस आणि खडक यांच्याभोवतीच फिरतात. मी हे शिक्षण माजलगावच्या धरणावर घेतो आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे. हिवाळ्यातलं पाणी, आभाळ आणि जमीन एका चौकटीत बसवायला शिकायचं, तर आपल्या धरणाचा काठ कुठल्याही किनाऱ्याच्या तोडीचा आहे.

सिंदफणा नदीवरचं हे धरण १९८७ साली पूर्ण झालं. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं हे काम. पैठणच्या उजव्या कालव्यातून गोदावरीचं पाणीही इथं येतं. समुद्राचं पाणी भरती-ओहोटीनं रोज पुढंमागं होतं, धरणाचा काठ वर्षभरात एकदा जातो नि येतो. पावसाळा सरता सरता पाणी फुगून बाभळींच्या बुंध्याशी टेकतं. मग रब्बीची आवर्तनं सुटतात, कालवे वाहू लागतात आणि काठ आत आत सरकतो. मागं उरते काळी, ओली गाळाची जमीन. तिच्यात गाळपेर होते, हरभरा-ज्वारी उगवते. पौषात तिथं उभं राहिलं की पाण्यानं उतरताना सोडलेल्या रेघा एकीखाली एक दिसतात. वरच्या रेघेत वाळलेलं गवत नि काटक्या, तिच्याखाली शिंपले, मग भेगाळू लागलेला चिखल, आणि अगदी कडेला बगळ्यांच्या पावलांचे ताजे ठसे. माझ्या लेखी चित्राचा पुढचा भाग इथंच आहे. म्हणून मी तिपाई गुडघ्याएवढी खाली घेतो आणि त्या रेघांवरून नजर पाण्याकडे जाईल अशी चौकट बांधतो.

हिवाळ्याचा प्रकाश आपल्याकडे फार उदार असतो. बीड जिल्हा १९ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. डिसेंबरच्या अखेरीस इथं भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांच्या वर फारसा चढत नाही. मे महिन्यात तोच डोक्यावर येऊन उभा राहतो. त्यामुळं थंडीत ढेकळालासुद्धा सावली असते आणि जमिनीचा पोत उठून दिसतो. पहाटे हवा गार आणि पाणी त्या मानानं उबदार, म्हणून पृष्ठभागावरून वाफा निघतात. सूर्य सातच्या सुमारास वर येतो. त्याआधीची आणि नंतरची थोडी वेळ सोन्यासारखी.

पण याच वेळी कॅमेरा सांभाळावा लागतो. त्याचा प्रकाशमापक समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. चौकटीत काळी जमीन जास्त आली की तो चित्र उजळवायला बघतो. माती राखाडी होते आणि आभाळ पांढरं पडतं. तिथं एक्स्पोजर थोडं उतरवायचं. धुकं दाटलं असेल तर उलट. पांढऱ्या धुक्याला तो अंधारं करून ठेवतो, तेव्हा थोडं चढवायचं. रंगाचा समतोल स्वयंचलित ठेवला तर पहाटेची निळाई कॅमेरा स्वतःहूनच पुसून टाकतो. मी तो ‘सूर्यप्रकाश’ या खुणेवर ठेवतो.

उजळ आभाळ आणि अंधारी जमीन एकाच चित्रात पेलायचा हा पेच फार जुना आहे. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे यानं १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रं काढली. तेव्हाच्या काचेवरच्या निगेटिव्हला दोन्ही गोष्टी एकदम झेपत नव्हत्या, म्हणून काही चित्रांत त्यानं आभाळाची एक आणि समुद्राची दुसरी अशा दोन निगेटिव्ह मिळवून एक छाप तयार केला. आज हे काम रॉ फाइल करते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. म्हणून सावलीतली माती नंतर उजळवली तरी तिचा पोत टिकतो. आभाळ मात्र एकदा पांढरंफक पडलं की त्यातून काहीच परत मिळत नाही; टिपताना आभाळ जपायचं, माती नंतर पाहता येते.

संपादनाला बसलो की माझी सारी मदार पाण्यावर असते. क्षितिज सरळ करायला पलीकडचा काठ कामाचा नाही, कारण तो वळत जातो नि तिरपा दिसू शकतो. पाण्यात उभा एखादा वठलेला बुंधा शोधावा. बुंध्याचं टोक आणि प्रतिबिंबातलं टोक एका ओळंब्यात आलं की चित्र सरळ. दुसरी कसोटी याहून मोलाची. शांत पाण्यातलं आभाळाचं प्रतिबिंब वरच्या आभाळापेक्षा उजळ असू शकत नाही, कारण पाणी थोडा प्रकाश आत घेतं. आभाळ गडद करायची पट्टी ओढताना हा क्रम उलटला, तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण चित्र खोटं आहे हे कळतं. अशा वेळी पट्टी मागं घ्यायची.

धुकं पुसणारी पट्टी तर मी हिवाळ्याच्या चित्रांना लावतच नाही. धुकं काढलं तर पौष उरतच नाही. निळा रंगही वाढवत नाही. आपलं पाणी कधी पोलादी, कधी मातकट, उगवतीला तांबूस. ते समुद्रासारखं निळं दिसावं हा हट्ट कशासाठी?

हा आग्रह केवळ आवडीनिवडीचा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. लातूरची तहान भागवणारं मांजरा धरण आपल्याच जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे, आणि तेव्हा ते कोरडं पडलं होतं. जिथं पाण्याची कड कुठं आहे यावर पुढचं सगळं वर्ष ठरतं, तिथं काठाचं प्रत्येक चित्र दाखला असतं. थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार बाभळीकडे बोट दाखवून सांगतो, “औंदा पाणी हितवर आलं होतं.” माझ्या चित्रात त्याचं ते बोलणं खरं ठरलं पाहिजे.

म्हणून शिकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. बिंदुसरा, माजलगाव, मांजरा, गोदाकाठ, यांतली घराजवळची एक जागा धरा. दर हिवाळ्यात त्याच ठिकाणी उभे राहा, मूळ फाइल जपून ठेवा आणि प्रत्येक चित्राखाली तारीख नि जागा लिहा. रंग थोडे कमी पडले तरी चालतील. पाणी होतं तिथंच दिसलं पाहिजे.