दूध काढायच्या मशीनचा पंप : काटा, तेल आणि आवाज



ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग आपण तास मोजून करतो. विहिरीवरच्या मोटरचा आवाज जरा बदलला की लगेच मेकॅनिकला फोन जातो. पण गोठ्यातला व्हॅक्यूम पंप वर्षाचे 365 दिवस, सकाळ-संध्याकाळ चालतो, आणि बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही. बंद पडला तर एका अर्थी बरं, निदान कळतं तरी. अर्धवट ताकदीने चालणारा पंप जास्त नुकसान करतो, आणि ते नुकसान गाईच्या कासेला भोगावं लागतं.

आमच्या शेजारच्या गोठ्यात गेल्या पावसाळ्यात हेच झालं. महिनाभरात तीन गाईंना दगडी. गोठा स्वच्छ, धार झाल्यावर सड औषधात बुडवणंही नियमित. डॉक्टर येत होते, सडात ट्यूब सोडत होते, तेवढ्या दिवसांचं दूध ओतून द्यावं लागत होतं. वहिनी मात्र सारखं म्हणत होत्या, "मशीनला आता वेळ जास्त लागतोय, आणि कप सारखे निसटतात." तिसऱ्या गाईच्या वेळी डॉक्टरांनी धार चालू असतानाच काटा बघितला. दोन्ही युनिट लावले की काटा 50 वरून 38 किलोपास्कलवर येत होता. पंप उघडला तर पाती झिजलेली आणि तेलाची नळी चिकट्याने बंद. पंप दुरुस्त झाला, पण एक गाय तीन सडांवरच राहिली.

हे का होतं ते समजून घेतलं तर देखभाल आपोआप लक्षात राहते. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनवर पात्यांचा पंप असतो. गोल घरात रोटर मधोमध नसतो, एका बाजूला सरकवून बसवलेला असतो. त्याच्या खाचांत पाती सैल असतात. रोटर फिरला की पाती बाहेर फेकली जातात आणि घराच्या भिंतीला घासत हवा ओढतात. तेल इथे दोन कामं करतं. घासणं कमी करतं, आणि पात्याजवळची बारीक फट बुजवतं. म्हणून तेल कमी पडलं की पंप जाम होण्याच्या बऱ्याच आधी त्याची ओढ कमी होते.

ओढ कमी पडली की कप निसटतो. निसटताना हवा आत घुसते आणि दुधाचे थेंब उलट दुसऱ्या सडाच्या तोंडावर आदळतात. रोगाचे जंतू तिथूनच आत शिरतात. उलट रेग्युलेटर अडकून व्हॅक्यूम वाढला, तर सडाचं टोक सुजतं, कडक होतं. दोन्हीकडून त्रास जनावरालाच.

आमच्या गोठ्यात हे वेळापत्रक भिंतीवर लावलंय :

रोज – मशीन चालू करण्याआधी तेलाची पातळी बघायची. थेंब पडतोय का बघायचं. मिनिटाला किती हवेत ते आपल्या पंपाच्या पुस्तकात दिलेलं असतं. धारेच्या वेळी काट्यावर नजर. आणि रेग्युलेटरचा फुसफुस आवाज ऐकायचा. युनिट लावलेले असतानाही तो हवा घेत असला पाहिजे. तो गप्प झाला म्हणजे पंपाकडे शिल्लक ताकद उरली नाही.

आठवड्याला – रेग्युलेटरची जाळी साफ करायची. पंपाआधीची टाकी उघडून आत दूध-पाणी साचलंय का बघायचं. पाणी पंपात गेलं तर तेल धुऊन निघतं. दूध गेलं तर पाती खाचेतच चिकटतात.

महिन्याला – मेन स्विच बंद करून पट्टा तपासायचा. फार सैल असेल तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. मग सगळे कॉक बंद ठेवून पंप चालू करायचा आणि काटा किती सेकंदात जागेवर येतो ते वहीत लिहायचं. पंप नवा किंवा नुकताच दुरुस्त केलेला असताना हा आकडा नक्की लिहून ठेवा, पुढची तुलना त्याच्याशीच करायची. वेळ वाढला तर आधी नळ्या, रबरं आणि कॉकची गळती शोधायची, मग पंप उघडायचा.

आणखी दोन गोष्टी. तेल पंपासाठी सांगितलेलंच घाला, ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल नको. त्यातला कचरा पाती आणि भिंत दोन्ही घासतो. दुसरं, ज्यांची मोटर थ्री फेज आहे त्यांनी लाइनचं किंवा डीपीचं काम झाल्यावर पुलीची दिशा बघूनच मशीन लावायचं. फेज बदलला की मोटर उलटी फिरते आणि पाती तुटू शकतात. बंद करतानाही एक कॉक उघडून व्हॅक्यूम सोडायचा, मगच बटण दाबायचं. नाहीतर पाइपमधल्या ओढीने पंप थांबताना उलटा फिरतो.

रोजच्या तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत. आणि घरात जे कोणी रोज धार काढतं, मग ती आई असो, कारभारीण असो की कामावरचा गडी, त्याने "आवाज वेगळा येतोय" म्हटलं तर त्याच दिवशी पंप बघा. मशीनजवळ दोन वेळा तेच बसतात, फरक त्यांनाच आधी कळतो.

आज संध्याकाळच्या धारेला आपला काटा किती दाखवतो, तेवढं बघून ठेवा.