मार्पेसाचा कौल

देवाने मानवकन्येवर अनुरक्त व्हावे आणि त्या अनुरागापायी तिचा सर्वनाश व्हावा, हा ग्रीक पुराणकथांचा जणू नित्यक्रमच आहे: झ्यूसचे खरे रूप पाहण्याचा हट्ट धरणारी सेमेली त्याच्या तेजात भस्मसात झाली, आणि अपोलोला झिडकारणारी कसँड्रा जन्मभर खरे भविष्य सांगत असताना तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. या अभागिनींच्या मेळ्यात इव्हेनसची कन्या मार्पेसा मला निराळी आणि आदरणीय वाटते. कारण देवाच्या प्रेमाची तिने शांतपणे पारख केली आणि मगच ते नाकारले.

इडासने पोसायडनच्या पंखयुक्त रथातून तिचे हरण केले. पाठलाग करणाऱ्या पित्याला तो रथ काही गाठवेना, तेव्हा एटोलियातील लिकॉर्मास नदीच्या तीरी आपल्या घोड्यांची हत्या करून त्याने स्वतःला प्रवाहात लोटून दिले, आणि ती नदी पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. मेसीनीत अपोलोने इडासला अडवले. साक्षात धनुर्धर देवावर एका मर्त्याने धनुष्य उचलले, याची नोंद होमरनेही केली आहे. आणि म्यूनिकच्या संग्रहालयात, मद्य थंड करण्याच्या ख्रिस्तपूर्व ४८० च्या सुमाराच्या एका मृत्पात्रावर, या दोघांच्या मध्ये झ्यूस उभा आहे. वादी देव, प्रतिवादी मानव आणि मुनसफ वादीचाच जन्मदाता. असे असूनही ज्या कन्येवरून हा कज्जा उभा राहिला, तिच्यावरच त्याने निवाडा सोपवला.

तिने इडासला कौल दिला. वार्धक्यात अपोलो आपला त्याग करील, असे भय तिला वाटले, एवढेच अपॉलोडोरस सांगतो. या भयात मला विलक्षण दूरदृष्टी दिसते. ज्याच्या केसांत कधी रुपेरी छटा उतरणार नाही, तो सहचरीच्या सुरकुत्यांवर दया करील. पण त्यांत स्वतःचे सरलेले दिवस त्याला कधीच आढळणार नाहीत. अमरत्व हे ऐश्वर्य खरे, परंतु संसारात ते एक प्रकारचे दारिद्र्यच होय. आपल्या विदर्भाच्या दमयंतीनेही नलरूप घेतलेल्या देवांतून खरा नल निवडला, तो त्याच्या अंगावरील घामावरून, कोमेजल्या माळेवरून आणि भूमीवर पडलेल्या सावलीवरून. पण तिचे मन आधीच नलाला वाहिलेले असल्यामुळे मर्त्यतेच्या खुणा तिला ओळखीपुरत्याच हव्या होत्या. मार्पेसाने मर्त्यता हीच वराची योग्यता मानली.

पुढे ज्या झ्यूसने तिला निवडीचा अधिकार दिला, त्याच्याच वज्राने इडास मारला गेला, आणि पतीमागे तिनेही प्राणत्याग केला, असे पॉसेनियस लिहितो. ज्या एकाकीपणाच्या धास्तीने तिने देव नाकारला, ते अखेर तिच्या दारी आलेच. तरी तिचा निवाडा चुकला, असे मी म्हणणार नाही. मृत्यूने घडवलेली ताटातूट आणि मन विटल्यामुळे केलेला त्याग एका तराजूत तोलता येत नाहीत, कारण पहिलीत प्रेम शिल्लक असते आणि दुसऱ्यात ते आधीच सरलेले असते. हा भेद ऐन तारुण्यात जाणून तो देवासमक्ष बोलून दाखवण्याचे मार्पेसाचे धैर्य मला धनुष्य उचलणाऱ्या इडासच्या धैर्याहूनही थोर वाटते.