ओट्यावरची रोटिसरी

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जॅक्सन हाइट्स या वस्तीत एखादे मराठी कुटुंब रोटिसरी, म्हणजे सळईत ओवलेले मांस विजेने तापलेल्या तारांसमोर सावकाश फिरवून भाजणारे यंत्र, घ्यायचे मनात आणते तेव्हा त्यामागे बहुधा खालच्या रस्त्याचा वास असतो. रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर, सात नंबरच्या गाडीच्या उंच पुलाखाली, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लोकांच्या खानावळींत कोंबड्या सळयांवर फिरत असतात. पेरू देशाची ओळख मानला जाणारा ‘पोयो आ ला ब्रासा’ हा त्यांतला प्रकार मुळात एका स्थलांतरिताने रूढ केलेला आहे. स्वित्झर्लंडहून आलेल्या रॉजर शूलर याने १९५०च्या सुमारास लिमा शहराजवळ तो सुरू केला आणि एकाच वेळी अनेक सळया फिरवणारे यंत्र त्याच्यासाठी फ्रान्झ उलरिख याने घडवले. परक्या देशात रुजलेल्या या पदार्थाबद्दल दुसऱ्या परक्याला ओढ वाटावी, हे स्वाभाविकच आहे.

मात्र भाड्याच्या घरात कोळसा पेटवता येत नाही, बाल्कनीत प्रोपेन वायूची टाकी ठेवायला शहराच्या अग्निसुरक्षा नियमांची मनाई आहे, आणि म्हणून निवड विजेच्या यंत्रापाशी येऊन थांबते. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची असते. जुन्या इमारतींत स्वयंपाकघराची एक वाहिनी अनेकदा १५ अँपिअरचीच असल्याने तिच्यावरील सर्व उपकरणांना मिळून जास्तीत जास्त १,८०० वॉट मिळतात. रोटिसरी एकटीच १,२०० ते १,५०० वॉट घेते, तीही तासाहून अधिक काळ. त्याच वाहिनीवर फ्रिज असेल आणि कोणी मायक्रोवेव्ह लावला तर वीज तुटणे ठरलेलेच. म्हणून यंत्र पाहण्याआधी घरातील कोणते सॉकेट कोणत्या वाहिनीवर आहे हे तपासणे अधिक शहाणपणाचे ठरते.

त्यानंतरचा प्रश्न धुराचा आहे, आणि खरी पारख इथेच लागते. रॉन पोपील यांच्या रॉन्को कंपनीने १९९८ मध्ये बाजारात आणलेल्या ‘शोटाइम’ यंत्रात तापणाऱ्या तारा मागच्या बाजूला असतात, त्यामुळे वितळलेली चरबी तारांवर न पडता थेट खालच्या ताटलीत गळते. याउलट, टोस्टर ओव्हनमध्ये नुसती सळई बसवून तयार केलेल्या अनेक यंत्रांत तारा तळाशीही असतात. चरबी त्यांच्यावर पडली की धूर होतो, आणि ओट्यावरील चिमणी हवा बाहेर न टाकता गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी असेल तर धुराचा भोंगा वाजायला वेळ लागत नाही. सळई वापरताना खालच्या तारा बंद ठेवता येतात का, हे म्हणूनच आवर्जून पाहावे. एअर फ्रायरला सळईची जोड देणारी उभी यंत्रे जागा कमी घेतात खरी, परंतु त्यांच्या पोटात दीड किलोच्या कोंबडीचेही पंख तारांना घासण्याची शक्यता असते. कोंबडी सुतळीने घट्ट बांधली आणि सळईवर मधोमध बसवली तरच मोटारीवर ताण येत नाही.

पण मराठी घरासाठी सर्वांत महत्त्वाची बाब यंत्राबाहेरची आहे, ती म्हणजे कोंबडीचे कातडे. फिरत्या सळईचे सारे कौशल्य कातड्याखालच्या चरबीवर उभे आहे: चरबी वितळते, पण पक्षी सतत फिरत राहिल्यामुळे तिचा बराचसा भाग गळून न जाता पृष्ठभागावरच पसरतो आणि मांस कोरडे पडू देत नाही. महाराष्ट्रात कोंबडी सहसा कातडे काढून आणि तुकडे करून घेतली जाते; हाताला तीच सवय असल्याने कसायाकडून कातडे काढून आणलेली अख्खी कोंबडी सळईवर चढवली, तर ती चिवट होते आणि दोष विनाकारण यंत्राला दिला जातो. कातडे ठेवून, बोटांनी ते छातीपासून हळूच सोडवून, आले-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि थोडे तेल आत चोळून कोंबडी रात्रभर फ्रिजमध्ये उघडी ठेवली, तर मसाला मांसापर्यंत पोहोचतो आणि कातडे सुकून कुरकुरीत होते. सुक्या खोबऱ्याचे वाटण मात्र बाहेरून लावू नये, कारण मांस शिजण्याआधीच ते करपते. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, तापमापक खुपसून ७४ अंश सेल्सिअसची खात्री करावी. रंगावरून केलेला अंदाज इथे पुरेसा नाही.

ज्यांना काही वर्षांनी भारतात परतायचे आहे, त्यांनी महागडे यंत्र घेण्याचा मोह टाळावा. भारतातील वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने करणारी आहे, तर अमेरिकेतील ६० हर्ट्झची. दीड हजार वॉट पेलणारा ट्रान्सफॉर्मर जड असतो, महागही पडतो, आणि तो लावूनही आवर्तने बदलत नाहीत, त्यामुळे आवर्तनांवर चालणारी सळईची मोटार सावकाशच फिरते. अशा घराने सुटणारी ताटली, धुता येणारी सळई आणि मागे तारा असलेले साधे यंत्र घ्यावे, आणि निघताना ते त्याच इमारतीतील दुसऱ्या कुटुंबाला देऊन जावे.