तळ्याचं अंदाजपत्रक

तळं ही एक तर देवानं करायची गोष्ट आहे, नाही तर राजानं, नाही तर सरकारनं, असं आमच्या केनवडात सर्वांचं मत आहे. देवानं केलेलं तळं शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारला आहे. आकाशातून एक दगड पडला आणि जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा तयार झाला. ना टेंडर, ना मोजमाप, ना मजुरांचं हजेरीपत्रक. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी एकाएकी गुलाबी झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचं नाव रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत लागलं. राजाचं म्हणाल तर वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या वेळचं वत्सगुल्म. तिथे एकशे आठ तीर्थं होती असं सांगतात, त्यांतलं पद्मतीर्थ अजून आहे. आणि सरकारनं २०१६ पासून मागेल त्याला शेततळं दिलं. या तिन्ही रकान्यांत बँकेतला कारकून कुठेच बसत नाही. त्यामुळे घरामागच्या परसात एक लहानसं तळं करावं म्हणतो, असं मी चहाच्या वेळी जाहीर केलं, तेव्हा घरात जी शांतता पसरली ती मी आजवर फक्त ऑडिटर शाखेत शिरतानाच अनुभवली आहे.

शांतता आईनं मोडली. "काऊन रे बाप्पा, घरातला हौद कमी हाये काय?"

हौद आणि तळं यांत फरक आहे, हे मी समजावून सांगितलं. हौद माणसासाठी असतो. तळं बेडकासाठी, चतुरासाठी, संध्याकाळी पाणी प्यायला येणाऱ्या बुलबुलासाठी. त्यात मासे सोडायचे नाहीत, बदकं पाळायची नाहीत, मधोमध सिमेंटचा बगळा उभा करायचा नाही. फक्त पाणी ठेवायचं. गिऱ्हाईक आपोआप येतं. आम्ही शाखेत बसून लोकांना खातं उघडा म्हणून विनवतो, तरी लोक आधार कार्ड घरी विसरून येतात. इथे पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत खाती उघडायला रांग लागते आणि कोणाचाही फोटो लागत नाही.

"त्यापरीस त्या जागी वांगे लाव," आई म्हणाली.

सौ. मात्र काहीच बोलली नाही. आणि पाण्याच्या बाबतीत तिचं न बोलणं फार महत्त्वाचं, कारण उन्हाळ्यात नळाला पाणी रात्री दोन वाजता येतं आणि ड्रम भरायला तीच उठते. घरातल्या बाकी सगळ्या खात्यांवर माझी सही चालत असेल, पाण्याच्या खात्यावर तिची चालते. तिनं फक्त एवढंच विचारलं, "अहो, उन्हाळ्यात त्यात पाणी कोण टाकणार?"

मी बी.कॉम. आहे. प्रश्न आला की मी कागद घेतो. तळं १० फूट लांब, ६ फूट रुंद, मधोमध २ फूट खोल. म्हणजे ६० चौरस फूट, म्हणजे साडेपाच चौरस मीटर. आमच्याकडचं ऊन एवढ्या पाण्यावर काय घसारा लावतं? मे महिन्यात दिवसाला निदान एक सेंटीमीटर पाणी उडून जातं, लू सुटली तर जास्तच. साडेपाच चौरस मीटरवर एक सेंटीमीटर म्हणजे दिवसाला ५५ लिटर. हा आकडा लिहिला आणि पेन थांबलं, कारण तो कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झालं, त्यात खेड्यातल्या एका माणसाला दिवसाला किती पाणी मिळावं याचं माप ठरलं आहे. ५५ लिटर.

आईला हा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "म्हंजे घरात एक माणूस वाढला. आन् तोही बिनकामाचा."

यावर उत्तर नव्हतं. गावात बायका डोक्यावर हंडा घेऊन फिरत असताना परसातल्या बेडकाला माणशी कोटा देणं, हे कोणत्याही अंदाजपत्रकात बसवता येत नाही. काही दिवस तो कागद मी पासबुकात घालून ठेवला.

मग लक्षात आलं की बारमाही तळ्याची कल्पना मुळात आमच्या मुलखातली नाहीच. बागेतल्या तळ्यांवरची पुस्तकं बहुतेक विलायतेकडची. तिथे पाऊस बारा महिने भुरभुरतो, तळं आटणं म्हणजे संकट. आमच्याकडची डबकी दर साली आटतात आणि तिथल्या रहिवाशांनी त्याची सोय केव्हाचीच करून ठेवली आहे. तो मोठा बेडूक घ्या, जो मृगाच्या पावसात हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून रात्रभर वरात काढतो. पाणी आटलं की हे महाशय चिखलात खाली खाली जातात आणि पुढच्या पावसापर्यंत झोपतात. अन्न नाही, पाणी नाही, अर्ज नाही, तक्रार नाही. पावसाळ्यात गवतावर घोंघावणारे ते पिवळट चतुर घ्या. त्यांना आटणारं पाणीच पसंत, कारण त्यात त्यांची पिल्लं खाणारे मासे नसतात. अंड्यापासून पंखापर्यंतचा कारभार दीड-दोन महिन्यांत उरकून ते मोकळे होतात. आणि जातात कुठे? मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं की हे चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत. मला रिसोडच्या शाखेत वेळेवर पोचताना धाप लागते.

तेव्हा नवं अंदाजपत्रक असं: तळ्याला घरातलं पाणी एक बादलीसुद्धा द्यायचं नाही. वरच्या पत्र्याचं पाणी पन्हाळीनं तळ्यात आणायचं. पत्रा ६०० चौरस फूट. तळं उतरतं, म्हणून सरासरी खोली एक फूट. मावणार सतराशे लिटर. थोडी गळती सोडली तर चार सेंटीमीटर पावसात भरलं. मृगानं दगा दिला तर आर्द्रा आहेच. दसऱ्याला काठोकाठ, संक्रांतीला गुडघ्याखाली, होळीच्या सुमारास तळ. मार्च ते जून खातं बंद. पाखरांसाठी जांभळीखाली मातीचं परळ, त्याला दोन लिटर पुरतात. सौ.नं हा कागद दोनदा वाचला आणि "परळाचं पाणी मी भरीन" म्हणाली. याला आमच्या घरी मंजुरी म्हणतात.

आईची हरकत मात्र कायम होती आणि ती डासांची होती. "डेंगू बोलावून राह्यला काय घरात?"

या हरकतीला हसून चालत नाही. डेंगीचा डास साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पण तो मोठा सफाईदार प्राणी आहे. त्याला चिखलातलं, किडामुंगीनं भरलेलं डबकं फारसं रुचत नाही. त्याला हवं असतं भांड्यातलं पाणी. टायर, कुंड्या, न झाकलेले ड्रम आणि सर्वांत लाडका म्हणजे कूलर. आई हे सगळं बोलत होती तेव्हा ती कूलरसमोरच बसली होती. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून कंठशोष करतं, तो याचसाठी. (आमच्या कॅशियरनं तो सल्ला वर्षभर वेगळ्याच अर्थानं घेतला होता आणि फार नाराज होता.) मी कूलरची टाकी उघडून आईला दाखवली. आत जे वळवळत होतं त्याचं वर्णन इथे करत नाही. त्या दिवसापासून दर शनिवारी कूलर, ड्रम, रांजण घासून कोरडे होतात आणि देखरेखीला आई स्वतः खुर्ची टाकून बसते.

तळ्यातही पहिले काही दिवस डासांच्या अळ्या होणारच. तेवढे दिवस गाळणीनं काढायच्या. मग पाठीवर पोहणारे पाणकिडे उडत येतात, चतुरांची पिल्लं मोठी होतात आणि जेवायला बसतात. शेजारचे काका म्हणाले, "साहेब, गप्पी मासे सोडा ना, दवाखान्यातून फुकट भेटतात." गप्पी हौदाला उत्तम. पण तो मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा पाहुणा, आणि पंगतीला बसला की डासांची अळी कोणती आणि बेडकाचं पिल्लू कोणतं हे पाहत नाही. तो हौदातच बरा.

सापाचा विषय निघतोच. बेडूक आला की पाणदिवड येणार; ती बिनविषारी. मागोमाग नागही येऊ शकतो, आणि तो नाही. म्हणून तळं परसाच्या पार टोकाला, वाटेवर दिवा. शिवाय काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे घराच्या पायापासून जितकं लांब तितकं बरं.

एका गोष्टीत मात्र मी कोणाचंच ऐकणार नाही, ती म्हणजे काठ. प्लास्टिक अंथरलेली शेततळी सर्वांनी पाहिली आहेत. बाजू उभट, त्यावर गुळगुळीत कागद. तहानलेलं हरीण, कुत्रं, कधी पोहायला गेलेलं पोरगं आत उतरतं आणि वर येता येत नाही. पाणी असतं, पण पाय टेकायला जागा नसते. ज्याच्या शेतात तसं तळं आहे त्यानं निदान गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवावा. माझं तळं परातीसारखं. सरड्यालाही चालत बाहेर येता आलं पाहिजे. प्लास्टिक नाही, काळ्या मातीचाच चिखल तुडवून तळ करायचा. पहिल्या पावसात भेगा पाणी पितील, मग मिटतील. आणि उतार असला तरी रांगतं पोर वीतभर पाण्यात बुडू शकतं, भाचीचं पोर सुट्टीत येतं, म्हणून भोवती कमरेएवढं तुराट्यांचं कुंपण, फाटकाला वरून कडी. कुंपणाखाली चार बोटं फट, बेडकांच्या जाण्यायेण्यासाठी. खर्च दोन मजुरांचा एक दिवस. निघालेली माती आईनं आधीच वांग्यांसाठी राखून ठेवली आहे.

आखणीची फक्की टाकत होतो तेव्हा गल्लीतली पोरं कुंपणावर लटकली. पाऊस लांबला की ती धोंडी काढतात. मुसळाला कडुलिंबाचा डहाळा आणि बेडूक बांधून दारोदार दाणे मागतात. म्हणाली, "काका, यंदा पाणी नाही आलं तं धोंडीले बेंडूक तुमच्याकूनच नेऊ."

मी म्हटलं, "पाऊस नसेल तेव्हा बेडूक जमिनीखाली असतो रे, झोपलेला."

"मंग खणून काढू."

"नाही. ती मुदत ठेव आहे. मुदतीआधी काढता येत नाही."

पोरांनी आपापसात थोडी मसलत केली. मग त्यांतलं सगळ्यांत धाकटं पुढं आलं आणि म्हणालं, "मंग व्याज काय भेटते?"