खाजेचा माग : ठाणे ते कल्याण

मासुंदा तलावाकाठी संध्याकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत दोन विषय हमखास निघतात, गुडघे आणि डास. एका अंगाला कोपिनेश्वराचे मंदिर, जवळच गडकरी रंगायतन, आणि कठड्याशी बसलेली ही मंडळी पायांवर रुमाल झटकत असतात. ठाण्याचे कौतुक तळ्यांचे शहर म्हणून होते आणि डासांचा दोषही त्याच तळ्यांच्या माथी येतो. वास्तविक डेंग्यूच्या डासाला तळे लागतच नाही. कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे उघडे पिंप, एवढे स्वच्छ साठलेले पाणी त्याला पुरते. आणि तो चावतो दिवसा, सकाळी व सूर्यास्तापूर्वी अधिक.

गेल्या वर्षी श्रावणात सासूबाईंच्या अंगाला खाज सुटली तेव्हा आम्हीही तळ्यालाच बोल लावला. वय ऐंशीच्या पुढे, मुक्काम पावसाळ्यापुरता आमच्या ठाण्याच्या घरी, आणि सोबतीला डोंबिवलीपासूनच त्यांचे सगळे करणाऱ्या मावशी, ज्या रोज कल्याणहून लोकलने येत. मच्छरदाणी लावली, कॅलामाइन आणले, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. खाज रात्री वाढायची आणि पहाटे जरा शमायची. डास उघड्या अंगावर चावतो, त्याची गांधी दोन-चार दिवसांत बसते. सासूबाईंचे खाजवणे मात्र पदराखाली, कमरेच्या नाडीपाशी चाले. हे आमच्या डोळ्यांसमोर होते, तरी मनात उतरले नाही. त्यांनी स्वतःहून दाखवले नाही आणि आम्ही विचारले नाही.

भाद्रपदात हवापालट म्हणून त्या नणंदेकडे, उपवनला राहायला गेल्या. उपवन तलावापासून वर चढणारा रस्ता येऊरला जातो. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. पावसाळ्यात डोंगरावरून ओहोळ उतरत असतात, आदिवासी पाड्यांभोवती हिरवे दाट गवत माजते, आणि चार पावले चालले तरी शहर मागे राहिल्यासारखे वाटते. इथल्या शेजाऱ्यांनी तळ्याला निर्दोष सोडले व जंगलाला पकडले. कोणी म्हणाले, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यावरून सुरवंट फिरला असेल. कोणी म्हणाले, खाजकुयली.

खाजकुयलीविषयी थोडे सांगायला हवे, कारण येऊरला हिवाळ्यात फिरायला जाणाऱ्यांना तिचा प्रसाद कधी ना कधी मिळतोच. या वेलीच्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी मखमल असते. ती मखमल म्हणजे सुयांसारखी बारीक कुसे. ती त्वचेत शिरली की त्यांतल्या एका विकरामुळे आगीसारखी खाज उठते. माणूस स्वाभाविकपणे जागा चोळतो आणि कुसे आणखी आत जातात. न चोळता चिकटपट्टीने ती उचलून काढावीत, मग भरपूर पाण्याने धुवावे, कपडे बदलावेत. परंतु शेंगा पिकतात पाऊस सरल्यावर, थंडीत. भाद्रपदात खाजकुयलीवर आळ घेणे म्हणजे त्या वेळी गावातच नसलेल्या माणसावर चोरी लावण्यासारखे होते.

येऊरचा खरा इशारा निराळा आहे. गवताझुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका किडीची पिले चावल्याने स्क्रब टायफस होतो. पावसाळ्यात व त्यानंतर गवतातून फिरून आलेल्याला काही दिवसांनी ताप आला आणि काखेत, जांघेत किंवा पट्ट्याखाली काळसर खपली दिसली, तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवावी. खपली बहुधा दुखत नाही, खाजतही नाही, म्हणून दुर्लक्षित राहते. वेळेवर ओळखल्यास हा आजार साध्या प्रतिजैविकाने बरा होतो.

सासूबाईंना ताप नव्हता, खपली नव्हती. खाज तेवढी वाढत होती.

शेवटी त्यांना त्यांच्या डोंबिवलीच्या घरी नेले. स्वतःच्या खाटेवर झोप लागेल, अशी आशा. फडके रोडच्या गजबजाटापासून दोन गल्ल्या आत जुनी इमारत, लिफ्ट नाही, जिन्यात शेजारच्या फोडणीचा वास. डोंबिवलीकरांकडे खाजेचे उत्तर तयारच असते : एमआयडीसी. २०१४ साली येथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला. ज्यांनी हे पाहिले त्यांनी हवेवर संशय घेतला तर त्यांना हसू नये. पण त्याच हवेत वाढलेले शेजारी झोपत होते, सासूबाई जाग्या होत्या.

या महिन्यात आमच्या हातून दोन चुका झाल्या. औषधाच्या दुकानातून खाजेवरचे एक मिश्र मलम आणले. त्यात स्टिरॉइड होते. आठवडाभर आराम वाटला, पुरळ फिके झाले आणि मूळ रोग आत झाकून पसरत राहिला. दुसरी चूक, ॲलर्जीची जुन्या वळणाची, झोप आणणारी गोळी. ती घेऊन सासूबाई रात्री न्हाणीघराकडे निघाल्या आणि चौकटीला धरून जेमतेम सावरल्या. उतारवयात या गोळ्यांनी तोल जातो, कधी भ्रम होतो, लघवी अडते. खाज परवडली, पण खुब्याचे हाड मोडणे परवडत नाही.

तिसरी गोष्ट चुकीहून वाईट. एका सकाळी नणंदेने पाहिले की मावशीही बोटांच्या बेचक्यांत खाजवत आहेत. घरात कुजबुज झाली : हिनेच आणले असणार, लोकलची गर्दी, वस्तीतले राहणे. मी मावशींना म्हटले, "काही दिवस येऊ नका." त्यांनी कारण विचारले नाही. डबा पिशवीत घातला आणि जिना उतरल्या.

चार दिवसांनी आम्ही एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी दार लोटून घेतले, मला बाहेर बसवले आणि सासूबाईंना स्वतः विचारले, कुठे कुठे खाजते. आम्हांला दोन महिन्यांत जे कळले नव्हते ते पाच मिनिटांत कळले : स्तनांखाली, बेंबीभोवती, मांड्यांत. मग भिंगाखाली बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि निदान सांगितले, खरूज.

सासूबाईंचा चेहरा पडला. "आमच्या घरात? रोज अंघोळ करते मी," त्या म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी समजावले की खरजेचा अस्वच्छतेशी संबंध नाही. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान कीड त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. ती एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते ती बराच वेळ त्वचेला त्वचा लागून राहिल्याने. लोकलमधल्या ओझरत्या धक्क्याने सहसा जात नाही. तेल चोळणे, अंघोळ घालणे, उचलून बसवणे, म्हणजे ज्याला आपण सेवा म्हणतो, त्यातून ती जाते. पहिल्यांदा लागण झाल्यास खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा कोणी कोणाला दिली, हे सांगता येत नाही. मावशींना ती आमच्याच घरून लागली असण्याचा संभव तितकाच होता.

उपचार सोपा, पण शिस्तीचा. परमेथ्रीनचे पाच टक्क्यांचे मलम रात्री मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखाली व बेचक्यांतसुद्धा लावायचे, सकाळी धुवायचे, आठवड्याने पुन्हा लावायचे. वृद्धांना डोक्याला आणि चेहऱ्यालाही लावावे लागू शकते, ते डॉक्टर सांगतील तसे. कपडे व चादरी गरम पाण्यात धुवाव्यात; जे धुता येत नाही ते किमान तीन दिवस पिशवीत बांधून ठेवावे. आणि घरातल्या सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मलम लावायचे. एक जण सुटला तर फेरा पुन्हा सुरू. "काळजी घेणाऱ्या बाईंनी आणि त्यांच्या घरच्यांनीही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

म्हणून मी त्याच दुपारी मलमाच्या नळ्या घेऊन कल्याणला गेले. मध्ये फक्त ठाकुर्ली, पण तो प्रवास मला लांब वाटला. दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूला, खाडीकडे, मावशींची एक खोली. खाडीवरून ओला वारा येत होता, त्यात म्हशींच्या तबेल्यांचा वास मिसळलेला. मावशींनी तबेल्यातल्या गोचिडांवर संशय घेतला होता आणि खोली दोनदा धुऊन काढली होती. नातू मांडीवर झोपला होता, त्याच्या मनगटांवर तेच बारीक पुरळ. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, सांगितलं तर काम जाईल. न सांगता पण गेलंच."

आनंदीबाई जोशी याच कल्याणात १८६५ साली जन्मल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. बायकांना आपले दुखणे परपुरुषासमोर उघडे करता येत नाही, ही त्या शिक्षणामागची एक निकड होती. परतीच्या गाडीत मला त्यांची आठवण झाली ती सासूबाईंमुळे आणि तितकीच मावशींमुळे.

शनिवारची रात्र ठरली. ठाण्यात आम्ही, उपवनला नणंदेचे घर, डोंबिवलीत सासूबाई, कल्याणात मावशींचे चौघे. नातवाला लावण्याआधी तिथल्या डॉक्टरांना विचारून घेतले होते. नऊ वाजता फोन फिरले : लावले का? पाठ राहिली नाही ना?

मलमानंतरही खाज लगेच थांबत नाही. दोन ते चार आठवडे रेंगाळते, ती कीड उरल्यामुळेच असे नव्हे. सासूबाईंची त्वचा मुळात कोरडी, म्हणून डॉक्टरबाईंनी कढत पाणी बंद करून कोमट सांगितले, साबण काखा-जांघांपुरता, आणि अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल. चौथ्या आठवड्यात त्या रात्रभर झोपल्या.

नरकचतुर्दशीला पहाटे पाचला मावशी पहिल्या गाडीने आल्या. फडके रोडवर तरुण मंडळींची गर्दी व्हायची होती. मावशींनी तेल कोमट केले, सासूबाईंना पाटावर बसवले आणि पाठीपासून सुरुवात केली. उटणे खरखरीत म्हणून त्या वर्षी बाजूला ठेवले होते. "अगं, नखं कापलीस ना?" सासूबाईंनी विचारले. मावशींनी दोन्ही हात पुढे करून दाखवले.