पिंजऱ्यातला उंदीर सोडायचा कुठे?

भाताची कापणी उरकली, थंडी पडू लागली, की भिलाईच्या अनेक घरांत रात्री एक ओळखीचा आवाज सुरू होतो. तांदळाच्या डब्यामागे, ओट्याखाली, माळ्यावरच्या जुन्या वर्तमानपत्रांत बारीक खुडखुड चालते. सकाळी भांडी घासायला आलेली बाई ओट्याच्या कोपऱ्यातल्या काळ्या लेंड्या पाहून सांगते, "मुसवा आला आहे." छत्तीसगढीत उंदराला मुसवा म्हणतात. मराठी घरात त्याला काहीही म्हटले, तरी त्या दिवसापासून घरातली शांतता संपते.

भिलाई हे मुळात भातशेतीच्या प्रदेशात वसवलेले गाव. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टर वसले, रांगेने क्वार्टर उभे राहिले. नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही इथलीच होऊन गेली. क्वार्टरमागे थोडी मोकळी जागा, तिथे कढीपत्त्याचे झाड, पपई, एका कोपऱ्यात जुनी लाकडे आणि मोडका कूलर. माणसाला अशी जागा आवडते, तशीच ती उंदरालाही मानवते.

उंदीर दिसला की घरात मतभेद सुरू होतात. "अगं, औषध आणून टाक. दोन दिवसांत सुटका," असे सासूबाई म्हणतात. "आई, घरात लहान मूल आहे, विष कसे ठेवायचे?" हा सुनेचा प्रश्न. आणि शाळेतून आलेला नातू हट्ट धरतो, "आजी, त्याला मारू नकोस ना! पिंजऱ्यात पकडू आणि लांब सोडून येऊ." तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच निर्णय सोपा नसतो.

सासूबाईंची भीती पोकळ नाही. १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगने हजारो माणसे नेली. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगच्या बातमीने लोक शहर सोडून पळाले. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातही रुग्ण आढळले होते. प्लेग आज क्वचितच ऐकू येतो, पण उंदराच्या लेंड्या आणि मूत्र यांनी दूषित झालेल्या अन्नातून पोटाचे विकार होतात. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजारही पसरतो. "देवाचे वाहन आहे, राहू दे बिचारे," म्हणून त्याला घरात नांदू देणे शहाणपणाचे नाही.

पण विषाचा मार्गही दिसतो तितका सरळ नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट चुकून मुलाच्या पोटात गेली तर यकृत निकामी होऊ शकते आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. रक्त गोठू न देणाऱ्या वड्या खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो आणि बहुधा कपाटामागे सडतो. तो मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांनाही बाधते.

दुकानदार ज्याला ग्लू पॅड म्हणतात तो चिकट पुठ्ठा तर सर्वांत क्रूर. त्यावर चिकटलेला उंदीर धडपडत, कातडी सोलवटत, तासन्‌तास जिवंत राहतो. न्यूझीलंडने २०१५ पासून या पुठ्ठ्यांवर निर्बंध आणले. इंग्लंडमध्ये जुलै २०२४ अखेरपासून परवान्याशिवाय ते वापरणे गुन्हा ठरला आहे. आपल्याकडेही भारतीय पशुकल्याण मंडळाच्या सूचनांनंतर अनेक राज्यांनी त्यांच्याविरुद्ध परिपत्रके काढली आहेत.

राहिला नातवाचा पिंजरा. तारेचा, मागे आकडा असलेला हा पिंजरा आजीच्या माहेरीही होता. मात्र त्यात उंदीर सापडला म्हणजे दया झाली, असे समजण्याची घाई करू नये.

पिंजरा कसा लावावा?

घरातला लहान उंदीर सहसा भिंतीच्या कडेने धावतो आणि आपल्या बिळापासून फार लांब जात नाही. बहुधा दहा मीटरच्या आतच त्याचा वावर असतो. म्हणून पिंजरा खोलीच्या मध्यभागी न ठेवता, जिथे लेंड्या दिसतात तिथे भिंतीला लागून ठेवावा. शेंगदाणा, भाकरीचा तुकडा किंवा भजे आकड्याला घट्ट अडकवावे. घरातले इतर अन्न झाकलेले नसेल तर पिंजऱ्यातल्या भज्याकडे तो कशाला वळेल?

यापुढची गोष्ट बहुतेक घरांत विसरली जाते. पिंजरा लावल्यावर तो सकाळ-संध्याकाळ पाहिलाच पाहिजे, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक वेळा. उंदीर दिवसभर थोडे थोडे खाणारा जीव आहे. मे महिन्यात कूलर नसलेल्या खोलीत, तापलेल्या तारांमध्ये दिवसभर अडकलेला उंदीर तडफडून मरतो. थंडीच्या रात्री गच्चीवर ठेवलेल्या पिंजऱ्यात तो गारठून मरतो. पिंजरा लावून कुटुंब दोन दिवस नागपूरला लग्नाला निघून गेले, तर तो विषापेक्षा दयाळू कसा म्हणायचा? आत मूठभर कापूस आणि थोडे जास्त दाणे ठेवावेत. लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री सापडली तर तिला लगेच बाहेर सोडावे. ती धान्यापेक्षा झुरळे आणि किडे खाते आणि भुकेने फार लवकर मरते.

लांब सोडले की सुटले?

आता खरा प्रश्न. स्कूटरवर पिंजरा ठेवायचा, गावाबाहेरच्या शेतात किंवा एखाद्या बागेच्या कुंपणाशी दार उघडायचे आणि उंदीर पळताना पाहून समाधानाने घरी परतायचे, ही पद्धत सर्वत्र आहे. पण ज्या जिवाचे सारे जग दहा मीटरचे होते, त्याला तिथे ना बीळ माहीत, ना अन्नाची जागा. आधीपासून राहणारे उंदीर त्याला हुसकावतात. मांजर, साप आणि घुबड टपलेले असतात. त्यातले बरेच उंदीर फार दिवस जगत नाहीत. ती मादी असेल आणि तिची डोळेही न उघडलेली पिल्ले कपाटामागे असतील, तर ती उपाशी मरतात. शिवाय ज्याच्या शेताच्या बांधावर आपला उंदीर सोडला, त्या शेतकऱ्याने आपले काय बिघडवले होते?

घराजवळ सोडावा, तर तो रात्रीतून परत येतो. मग करायचे काय?

उत्तर पिंजऱ्यात नाही, भिंतीत आहे. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून उंदराचे पिल्लू आत येते. झोपण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या कडेने थोडे पीठ भुरभुरावे. सकाळी पावलांचे ठसे वाट दाखवतात. मोरीच्या पाइपाचे तोंड, गॅसच्या नळीचे भोक, खिडकीत बसवलेल्या कूलरभोवतीची फट, मागच्या दाराखालची मोकळी जागा, ही त्यांची नेहमीची दारे. मोरीला जाळी, दाराखाली पत्र्याची पट्टी लावावी. भोकात भांडी घासायची तारेची घासणी ठासून वर सिमेंट भरावे. उंदीर लाकूड कुरतडतो, पण तारेच्या गुंत्यापुढे थबकतो.

एखादी वाट मात्र शेवटपर्यंत ठेवावी आणि तिच्या तोंडाशीच पिंजरा लावावा. काही दिवस पिंजरा रिकामा राहिला, पिठात ठसे उमटले नाहीत, पिल्लांची चाहूल नाही, की ती वाटही बुजवावी. पकडलेला उंदीर संध्याकाळी आपल्याच अंगणाच्या टोकाला, झुडपाशी सोडावा. जागा त्याच्या ओळखीची असते आणि घराचे दार मात्र बंद झालेले असते. क्वार्टरच्या भिंती एकमेकींना लागून असल्यामुळे शेजाऱ्यांनीही त्याच आठवड्यात हे काम केले तर उत्तम; नाहीतर आपला पाहुणा त्यांच्या घरी मुक्कामाला जाईल.

उशीर मात्र करू नये. मादी सुमारे तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्ले देते आणि ती पिल्ले दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. पहिल्या आठवड्यात दोन उंदरांसाठी दया दाखवणे सोपे असते. चार महिन्यांनी घर उंदरांनी भरले आणि पाळण्यातल्या बाळाच्या दुधापर्यंत ते पोहोचले, की दयाळू माणसालाही मारण्याशिवाय पर्याय उरत नाही. तशी वेळ आलीच तर एका फटक्यात जीव घेणारा चापाचा सापळा विषापेक्षा आणि चिकट पुठ्ठ्यापेक्षा बरा.

स्वच्छतेतही काळजी हवी. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत. त्यांवर ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून थोड्या वेळाने रबरी हातमोजे घालून फडक्याने पुसाव्यात. पिंजराही तसाच धुवावा. उंदराला उघड्या हाताने धरू नये, मुलांना तर मुळीच धरू देऊ नये.

अशा रीतीने तिघांचेही म्हणणे राखता येते. सासूबाईंना निर्धास्त झोप, सुनेला विषमुक्त घर आणि नातवाला जिवंत उंदीर. मात्र नातवाच्या हातात पिंजऱ्याबरोबर सिमेंटची थापीही द्यावी. जीव वाचवायचा तर त्यासाठी गुडघे टेकून ओट्याखालची भोकेही बुजवावी लागतात, हे त्याला लहानपणीच कळलेले बरे.