पगारपत्रकातली कपात

पगारपत्रक आलं. नव्या पेन्शन योजनेची दहा टक्क्यांची कपात बघितली की हटकून थोरला भाऊ आठवतो. तो फौजेतला, पंधरा वर्षं भरली, पेन्शन पक्की, आता साकोलीकडे निवांत धान करतो. मी जिल्हा परिषदेचा गुरुजी, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला, म्हणून जुनी पेन्शन नाही. ती परत मिळावी म्हणून झालेल्या मार्च २०२३ च्या संपात आम्हीही बसलो होतो. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतही जुन्या-नव्या पेन्शनची तीच रेघ, तिथली तारीख १ जानेवारी २००४. एकाच गल्लीत एक निर्धास्त, दुसरा शेअर बाजाराकडे डोळे लावून! निवृत्तीला जमलेल्या रकमेतले किमान चाळीस टक्के ॲन्युइटीत, म्हणजे पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, अडकतात, हे स्टाफरूममध्ये अजून कित्येकांच्या गावी नाही. नव्या गुरुजींनो, निदान पेन्शन खात्यातलं नॉमिनीचं नाव तरी आजच तपासा.